पाचगणीच्या जुन्या घराची दुरुस्ती : वारसा यादी, परवानगी आणि परत आलेला अर्ज

शाहूपुरीची | ६ सप्टेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसतीच वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

राहायला आम्ही साताऱ्यात, शाहूपुरीत. पाचगणीला बाजारापासून थोडं वर आमचं एक जुनं घर आहे. आजोबांना दमा होता. डॉक्टरांनी वरची हवा सांगितली म्हणून त्यांनी १९५८ साली एका पारशी कुटुंबाकडून ते घेतलं. जांभ्याच्या जाड भिंती, पुढे व्हरांडा, वर मंगलोरी कौलं, आत लाकडी तक्तपोशी. स्वयंपाकघरावर एकच काचेचं कौल आहे. लहानपणी दुपारी त्याचा चौकोनी उजेड फरशीवरून सरकत जायचा आणि आम्ही भावंडं त्यात पाय ठेवून बसायचो.

यंदाच्या पावसात घरानं मान टाकली. व्हरांड्याच्या कोपऱ्यातल्या खांबाच्या बुडाला मी स्क्रू ड्रायव्हर टेकवला, तर जोर न लावता मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा टोकाला ओला भुसा होता. वरचा हिरवा ऑइलपेंट मात्र जसाच्या तसा, चकचकीत. मागच्या भिंतीला बारा वर्षांपूर्वी एका ठेकेदाराकडून सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. आता तिला कमरेपर्यंत लोणा लागलाय. गिलाव्याचे पोपडे पडतात आणि प्रत्येक पोपड्यामागे जांभ्याची बोटभर साल निघून येते.

घर वारसा यादीत आहे, श्रेणी तीन, हे आम्हाला अर्ज परत आल्यावर कळलं. साताऱ्यातल्या एका ड्राफ्ट्समनकडून नकाशे करून घेतले होते. त्यानं अर्जात विषय लिहिला 'नूतनीकरण व वाढीव बांधकाम', छताच्या जागी स्लॅब दाखवला आणि वर एक खोली काढली. आक्षेप असे आले : इमारत यादीत आहे, सध्याच्या स्थितीचे नकाशे जोडलेले नाहीत, छायाचित्रं नाहीत, कौलारू छप्पर बदललंय आणि मिळकत पत्रिकेवर अजून आजोबांचंच नाव आहे. आजोबांना जाऊन चौतीस वर्षं झाली.

दादा पुण्याला असतो. तो म्हणतो, परवानगीच्या नादी लागू नको, दिवाळीनंतर गुपचूप करून घेऊ, नाहीतर विकून टाकू. आत्या वाईला असते, वय ८१, घरात तिचाही हिस्सा आहे. ती म्हणते, मी आहे तोवर व्हरांडा उभा करा.

मला ते घर वाचवायचं आहे, आणि रीतसर वाचवायचं आहे. कुणी यातून गेलं असेल तर सुरुवात कुठून करायची ते सांगा.

तिखटमीठ | ६ सप्टेंबर, रात्री १०.०५

काचेच्या कौलाचं वाचून आजोळ आठवलं. वाचतेय. नक्की करा हे काम.

नियमावली | ६ सप्टेंबर, रात्री १०.३१

ताई, घाबरू नका. आता सगळ्या राज्याला एकच नियमावली आहे, युडीसीपीआर (एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली), डिसेंबर २०२० पासून. त्यात वारसा इमारतींचे वेगळे नियम आहेत. श्रेणी एकला जवळपास हात लावता येत नाही, श्रेणी दोनला आतले बदल छाननी करून मिळतात आणि श्रेणी तीनला बरीच मोकळीक असते. ऑनलाइन अर्ज करा. साठ दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरून काम सुरू करता येतं.

आर्कि_सातारा | ७ सप्टेंबर, सकाळी ७.१५

नियमावली, तुमचा हेतू चांगला आहे, पण दोन गोष्टी दुरुस्त करते. कुणी त्यावर विसंबून काम सुरू केलं तर अडकेल.

युडीसीपीआर 'सगळ्या राज्याला' लागू नाही. मुंबई वगळली आहे, तशाच गिरिस्थान नगरपरिषदा आणि केंद्रानं अधिसूचित केलेली पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रंही वगळली आहेत. महाबळेश्वर-पाचगणी दोन्हींत बसतं. संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना १७ जानेवारी २००१ ची. म्हणजे वाईला किंवा साताऱ्याच्या पेठेत घर असतं तर तुम्ही म्हणता ते पुस्तक उघडायचं. पसरणी घाट चढलात की तिथली स्वतःची नियमावली, प्रादेशिक योजना आणि ती अधिसूचना. त्या अधिसूचनेतच मानवनिर्मित वारशाचा भाग आहे : जुन्या इमारती आणि परिसर हुडकून त्यांच्या जतनाची आखणी प्रादेशिक योजनेत घ्यायची आणि त्यांच्या आसपासचं बांधकाम नियमात ठेवायचं. श्रेण्यांची कल्पना दोन्हीकडे सारखीच आहे, म्हणून गोंधळ होतो.

दुसरं साठ दिवसांचं. एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा १९६६, कलम ४५. मानीव परवानगीची सोय आहे, पण प्रस्ताव नियमांत तंतोतंत बसत असेल तरच. शिवाय कार्यालयानं काही खुलासा मागवला असेल तर तुम्ही उत्तर दिल्या तारखेपासून साठ दिवस मोजायचे. यादीतल्या घराला मानीव परवानगीच्या भरवशावर कुदळ लावू नका. विनापरवाना काम झालं तर कलम ५२ आहे, त्यात दंडाबरोबर कैदेचीही तरतूद आहे.

आता शाहूपुरीची ताई, तुमच्यासाठी.

तुमचा अर्ज अडला तो 'नूतनीकरण व वाढीव बांधकाम' या शब्दांवर. तुम्हाला हवंय काय? खांब, छप्पर, भिंत. ही दुरुस्ती आहे. कागदावर तुम्ही मागितलं नवं घर. कागद वाचणाऱ्याला तुमच्या मनातलं दिसत नाही, त्याला विषयाची ओळ दिसते. विषय असा लिहा : 'विद्यमान इमारतीची आहे त्या स्वरूपात, आहे त्या उंचीत व क्षेत्रात दुरुस्ती.' मग सगळे नकाशे त्या ओळीशी प्रामाणिक ठेवा. स्लॅबची एक रेघ राहिली तरी पुन्हा आक्षेप येईल.

आणि 'आतलं काम कोण बघतंय' या समजात राहू नका. एरवी घराच्या फक्त आतल्या किंवा बाहेरचं रूप न बदलणाऱ्या कामाला कलम ४३ मध्ये सूट आहे. वारसा इमारत आणि वारसा परिसर त्या सुटीच्या बाहेर आहेत. यादीतल्या घराला गिलावा आणि रंगसुद्धा विचारूनच करायचा.

शाहूपुरीची | ७ सप्टेंबर, सकाळी ९.५०

आर्कि ताई, काय लिहू. गेले तीन आठवडे मी 'परवानगी देत नाहीत' असं सगळ्यांना सांगत होते. मुळात मागितलंच चुकीचं होतं.

सध्याच्या स्थितीचे नकाशे म्हणजे नक्की काय? ड्राफ्ट्समन म्हणाला होता की नव्या नकाशात जुनं तुटक रेषेनं दाखवलं की झालं.

आर्कि_सातारा | ७ सप्टेंबर, दुपारी २.२०

नाही, तेवढ्यानं होत नाही. घर आज जसं आहे तसं, वाकलेल्या खांबासकट मोजायचं. आराखडा, चारही बाजूंची दर्शनं, निदान दोन छेद, छपराचा आराखडा. दाराखिडक्यांना क्रमांक द्या, खांबांना क्रमांक द्या, आणि फोटोंनाही तेच क्रमांक द्या. खांब ४ म्हटलं की नकाशात खांब ४, फोटोत खांब ४, तक्त्यात खांब ४.

तक्ता सगळ्यांत महत्त्वाचा. एका ओळीत एक काम : काय आहे, त्याला काय झालंय, काय करणार, कोणत्या साहित्यानं. 'खांब ४, साग, बुडाचा दीड फूट कुजला, तेवढाच भाग कापून जुन्या सागाचा तुकडा सांध्यानं बसवणार.' वारसा समितीत बसलेल्या माणसाला हे वाचून कळतं की या लोकांना घर माहीत आहे. माझ्या अनुभवात 'संपूर्ण छप्पर बदलणे' असं लिहिलेली फाइल प्रश्न घेऊन परत येते. 'कौलं उतरवून धुऊन तीच बसवणे, फुटकी त्याच मापाच्या जुन्या कौलांनी बदलणे, कुजलेले वासे तेवढे बदलणे' असं लिहिलेली पुढे सरकते.

मिरजमार्ग | ७ सप्टेंबर, रात्री ८.४४

मी मिरजेचा. सतारी-तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत आमचं खाली दुकान, वर घर. आमच्याकडे यादीचा प्रश्न नव्हता, पण ताई, तुमच्या शेवटच्या आक्षेपाकडे सगळ्यांत आधी बघा. आमची सगळ्यांत जास्त वर्षं त्यातच गेली.

पणजोबांच्या नावावर पत्रिका. वारस अकरा. त्यातले दोघे गुजरातेत, एक चुलत बहीण लग्नानंतर नाव बदललेली. आम्हा घरच्यांनाच वाटत होतं की आपण राहतो म्हणजे घर आपलं. मृत्यूचे दाखले, वारसांची प्रतिज्ञापत्रं, मग नगर भूमापन कार्यालयात वारस नोंद. हे झाल्याशिवाय अर्जावर सही कुणी करायची हेच ठरत नाही. नकाशे होईपर्यंत थांबू नका, उद्याच हे सुरू करा. आणि आत्यांची सही पहिली घ्या. ८१ वय आहे, त्यांना जिने चढायला लावू नका, जिथे त्यांना यावं लागणार असेल ते एका फेरीत उरका.

शनिवारपेठी | ८ सप्टेंबर, सकाळी ११.०२

पुण्याहून लिहितोय. मामाचा वाडा शनिवारवाड्याजवळ आहे, त्यामुळे आमची गोष्ट वेगळी आहे, तरी सांगून ठेवतो.

शनिवारवाडा केंद्र संरक्षित स्मारक. प्राचीन स्मारकांचा कायदा १९५८ चा, त्यात २०१० साली दुरुस्ती झाली. स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र, त्यापुढचे २०० मीटर विनियमित. पहिल्या १०० मीटरमध्ये नवं बांधकाम नाही आणि पाडून पुन्हा उभारणंही नाही. फक्त दुरुस्ती, तीही सक्षम अधिकाऱ्याची परवानगी घेऊन. मामानं भिंत धोकादायक म्हणून आधी उतरवली आणि मग अर्ज केला. भिंत उतरवल्यावर ती दुरुस्ती राहत नाही, पुनर्बांधणी होते. दोन वर्षं त्या बाजूला ताडपत्री होती. मामीच्या तोंडावरचं ते ओझं आम्ही पाहिलंय.

म्हणून ताई, परवानगी हातात येईपर्यंत काहीही उतरवू नका. टेकू द्या, झाका, बांधून ठेवा, पण पाडू नका.

शाहूपुरीची | ८ सप्टेंबर, दुपारी १२.३०

शनिवारपेठी, धडकी भरली. मागची भिंत उतरवून ठेवायची असं परवाच दादाशी बोलले होते. थांबवते.

कृष्णाकाठ | ८ सप्टेंबर, रात्री ९.१८

मी वाईचा, वय ६८. घाटाजवळच्या आळीत आमचा दोन चौकी वाडा आहे. त्यातला एक चौक १९९४ सालच्या पावसात बसला, दुसरा मी आणि माझ्या मुलानं सहा वर्षं खपून उभा ठेवलाय. शेजारचे चार वाडे गेले. त्या लोकांना मी दोष देत नाही, पैशाची सोंगं आणता येत नाहीत. पण महागणपतीच्या बाजूनं येताना पूर्वी सलग ओट्या दिसायच्या, आता गाड्यांची शटरं दिसतात. संध्याकाळी फिरायला निघालो की त्या बाजूला मान वळवत नाही.

मुली, तुझ्या भिंतीबद्दल सांगतो. जांभा श्वास घेतो. जमिनीतलं पाणी वर चढतं आणि भिंतीच्या पृष्ठभागावरून उडून जातं. चुन्याचा गिलावा ते उडू देतो. सिमेंटनं तू तिचं तोंड दाबलंस. पाणी आतच राहिलं, क्षार गिलाव्यामागे साचले आणि दगडाची साल सोलू लागले. ते सिमेंट काढावंच लागेल, पण मशिननं नाही. छिन्नी-हातोडीनं, हलक्या हातानं, आणि परवानगीच्या तक्त्यात ओळ घालून. काढल्यावर भिंत एक उन्हाळा उघडी वाळू दे. लगेच गिलावा केलास तर लोणा परत येईल.

चुना आम्ही असा केला. चुनकळी आणून खड्ड्यात पाण्यात भिजत घातली. पाणी पडलं की ती उकळते, तेव्हा पोरांना लांब ठेव, डोळ्यांना चष्मा, हातांना मोजे. वर कायम चार बोटं पाणी राहील असं बघून आम्ही दोन महिने ठेवली. जितकी मुरेल तितकी लोण्यासारखी होते, फावड्याला चिकटत नाही, घसरते. मग एक घमेलं चुना, एक घमेलं विटांची सुरखी, दोन घमेली चाळलेली वाळू. हिरडा आणि गूळ भिजवलेलं पाणी. माझे आजोबा बेलफळाचा गरही घालायचे. गिलावा झाल्यावर गोणपाट ओलं ठेवून सावलीत वाळवायचा, घाई नाही. आमचा गवंडी पहिल्या दिवशी म्हणाला, हे वाळायला जन्म जाईल. तिसऱ्या महिन्यात स्वतःच्या घरच्या देवळीला उरलेला चुना मागून घेऊन गेला.

खांबाचंही ऐक. कुजतं ते बूड. वरचं लाकूड अजून शंभर वर्षं जाईल. तुळईला दोन्ही बाजूंनी टेकू देऊन, जॅकनं केसभर उचलून, कुजका भाग कापायचा. खाली तळखडा, म्हणजे खांबाची दगडी बैठक, आहे का बघ. असला तर कुणी फरशी घालताना त्याच्यावर सिमेंट ओतलंय का तेही बघ. माझ्या वाड्यात सात खांब त्याच कारणानं गेले. खांबाचा पाय जमिनीच्या वर आणि कोरडा हवा, सगळं त्यात आहे.

शाहूपुरीची | ९ सप्टेंबर, सकाळी ६.३५

काका, रात्री हे वाचून झोप लागली नाही. आज पहाटेच्या गाडीनं पाचगणीला आलेय. कोपऱ्यातल्या खांबाभोवतीची फरशी खरवडून बघितली. खाली तळखडा आहे. कमळासारखा, आठ पाकळ्या. आम्ही ६६ वर्षं त्या घरात ये-जा करतोय आणि तो कुणी पाहिला नव्हता. कोबा चार इंच वर आलाय, खांब त्यात बुडालेला.

कृष्णाकाठ | ९ सप्टेंबर, सकाळी ७.०२

फोटो काढ. तक्त्यात टाक.

शनिवारपेठेतला_भाऊ | १२ सप्टेंबर, रात्री ११.४०

मी 'दादा'. बहिणीनं लिंक पाठवली म्हणून खातं उघडलं. पूर्ण धागा दोनदा वाचला.

माझी बाजू लिहितो. मला घर आवडत नाही असं नाही. पण खर्च बहुतेक मी करणार, आणि मला वाटलं होतं की वर दोन खोल्या झाल्या तर पर्यटकांना देऊन घर स्वतःचा खर्च काढेल. वर्षाला रंग, पावसाळ्यात गळती, राखणदाराचा पगार. भावनेवर छप्पर टिकत नाही. आर्कि ताईंना प्रामाणिक प्रश्न : श्रेणी तीनला मोकळीक असते असं वर लिहिलंय, तर स्लॅब आणि वरची खोली का नाही?

आर्कि_सातारा | १३ सप्टेंबर, सकाळी ७.४०

दादा, तुमचा प्रश्न योग्य आहे, आणि त्याचं पहिलं उत्तर नियमाचं नाही, वजनाचं आहे.

पाच इंची स्लॅबचं नुसतं स्वतःचं वजन चौरस मीटरला ३१० किलोच्या आसपास. मंगलोरी कौलं रीपांसकट ६५ किलोच्या आसपास. तुमच्या भिंती जांभ्याच्या, मातीचुन्यात बांधलेल्या, त्यांत कॉलम नाहीत. त्यातली एक भिंत आताच सोललेली. तिच्यावर पाचपट वजन आणि वर खोली ठेवायची तर आत नवा सांगाडा उभा करावा लागेल, म्हणजे घर पाडावं लागेल. मग दुरुस्ती कुठे राहिली?

उत्पन्नाचं मात्र अगदी शक्य आहे. श्रेणी तीनच्या इमारतीत आतले बदल आणि वापर बदलणं सर्वसाधारणपणे विचारात घेतात. मागच्या बाजूला दोन खोल्यांना जोडून न्हाणीघरं करा, नळाच्या पाइपा जुन्या भिंतीत खाचा न पाडता पृष्ठभागावरून न्या. राज्याच्या पर्यटन विभागाची निवास व न्याहारी योजना आहे, तिच्यात नोंदणी करता येईल का ते तपासा. फक्त वापरातला बदल दुरुस्तीच्या अर्जात घुसडू नका. आधी घर उभं राहू द्या, मग त्याची वेगळी फाइल.

शनिवारपेठेतला_भाऊ | १३ सप्टेंबर, सकाळी ९.१५

पाचपट हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ड्राफ्ट्समननंही नाही. स्लॅब सोडला. वारस नोंदीचे कागद मी बघतो, आत्याकडे या रविवारी जातो.

टेबललँड | १५ सप्टेंबर, संध्याकाळी ६.२०

मी पाचगणीचाच, बाजारात दुकान आहे. दोन कामाच्या गोष्टी.

दगड : संवेदनशील क्षेत्रात खाणकामाला बंदी आहे, स्थानिक घरांसाठी मर्यादित प्रमाणात खास परवानगी लागते. त्यामुळे नव्या जांभ्याच्या मागे लागू नका. तुमच्या मागच्या आवाराची गडगा-भिंत पडलीय, मी येताजाता बघतो. ते चिरे जपून रचून ठेवा. त्याच दगडाचा तोच रंग परत मिळणार नाही. कालच एकाला तिथून दोन चिरे उचलताना पाहिलं, मी हटकलं.

कौलं : जुन्या कौलांच्या पोटावर कारखान्याचा छाप असतो. उतरवताना छापाप्रमाणे वेगळी रचा. दोन कारखान्यांची कौलं एकमेकांच्या खाचेत नीट बसत नाहीत, आणि गळती तिथूनच सुरू होते. आपल्याकडचा वारा कौल उचलतो, नुसतं पाणी अडवून भागत नाही.

आणि आता ऑक्टोबरपर्यंत व्हरांड्यावर ताडपत्री टाका. माझ्याकडे एक मोठी आहे, घेऊन जा, पैसे नकोत.

शाहूपुरीची | ५ ऑक्टोबर, रात्री ८.५५

माहिती देते. काल दुसरा अर्ज गेला. आर्कि ताईंनी सुचवलेल्या परवानाधारक वास्तुविशारदाबरोबर तीन शनिवार-रविवार घर मोजलं. मी टेपचं दुसरं टोक धरलं. एकूण ११ खांब, १४ खिडक्या, ९ दारं. तक्त्यात ४३ ओळी झाल्या. तळखड्याचा फोटो पहिल्या पानावर लावला. विषयाची ओळ ताईंनी दिली तशीच ठेवली.

वारस नोंदीचा अर्ज दाखल झाल्याची पोच जोडली आहे, नोंद व्हायची आहे. आत्यानं संमतीपत्रावर सही करताना पेन दोनदा खाली ठेवलं. म्हणाली, वडलांच्या घराचा कागद आहे, सही नीट येऊ दे.

नियमावली | ६ ऑक्टोबर, सकाळी १०.१०

ताई, मन भरून आलं. माझ्या सुरुवातीच्या प्रतिसादात चूक होती, आर्कि ताईंनी दुरुस्त केली ते बरं झालं. पोच जपून ठेवा, तारखेच्या शिक्क्यासकट.

शाहूपुरीची | १४ नोव्हेंबर, दुपारी ४.०५

खुलासा मागवलाय, दोन मुद्दे. एक : व्हरांड्याच्या लाकडी जाळीचा तपशील मोठ्या मापात द्या. दोन : बाहेरचा रंग कोणता. आम्ही 'पांढरा' लिहिलं होतं. रंगाचं काय उत्तर द्यावं? आत्या म्हणते, तिच्या लहानपणी घर पिवळसर होतं.

आर्कि_सातारा | १४ नोव्हेंबर, रात्री ९.२५

चांगली खूण आहे, कुणीतरी फाइल खरंच वाचली. जुना रंग शोधायचा तर आडोशाची जागा बघा : खिडकीच्या चौकटीमागे, पागोळीखाली. पावसाचा मार नसलेल्या ठिकाणी नाण्याएवढी जागा ब्लेडनं थर थर खरवडा. सर्वांत आतला चुन्याचा थर फोटोत धरा आणि खुलाशात लावा.

शाहूपुरीची | १८ नोव्हेंबर, रात्री १०.४८

खरवडलं. हिरवा, निळा, पांढरा, पुन्हा पांढरा, आणि सर्वांत आत फिका पिवळा. गव्हाच्या कणकेत हळद पडावी तसा. फोटो आत्याला दाखवला. ती बराच वेळ फोन हातात धरून बसली. खुलासा उद्या जातोय.

मिरजमार्ग | १९ नोव्हेंबर, सकाळी ८.००

आत्यांना मिरजेहून नमस्कार सांगा.

शाहूपुरीची | ९ जानेवारी, संध्याकाळी ७.३०

पत्र आलं!

दुरुस्तीला परवानगी, अटींसह. छपराचा उतार आणि उंची बदलायची नाही. कौलं मंगलोरीच. मागच्या भिंतीचा गिलावा चुन्याचा. व्हरांड्याची जाळी आहे त्या नमुन्याची. बाहेरचा रंग खुलाशातल्या नमुन्याप्रमाणे. कामाच्या आधीचे, चालू असतानाचे आणि नंतरचे फोटो द्यायचे. एकही अट अशी नाही की जी आम्हाला नको होती. वारस नोंदही डिसेंबरात झाली, पत्रिकेवर आता आत्या, दादा आणि मी.

आर्कि_सातारा | ९ जानेवारी, संध्याकाळी ७.५२

मनापासून अभिनंदन. पत्राची मुदत बघून ठेवा. परवानगी एक वर्षाची असते, वाढवून घेता येते, पण मुदत संपण्याआधी अर्ज करावा लागतो. भिंत वाळायला तुमचा एक उन्हाळा जाणार आहे, त्यामुळे गिलावा पुढच्या हंगामात येईल. ऑक्टोबरात मुदतवाढीचा अर्ज टाकायचं आताच लिहून ठेवा. छप्पर आणि खांब मात्र मेअखेर पूर्ण करा.

शनिवारपेठेतला_भाऊ | ९ जानेवारी, रात्री ९.१०

सुतार ठरला आहे, वाईचा, कृष्णाकाठ काकांकडे काम केलेलाच. २० तारखेपासून टेकू लावायला सुरुवात. मी त्या आठवड्यात रजा काढलीय.

कृष्णाकाठ | १० जानेवारी, पहाटे ५.५०

खांब ४ उचलताना मी येईन. जॅक फिरवणाऱ्याला घाई करू देऊ नका, सांधे कुरकुरले की थांबायचं. आणि मुली, गिलाव्याला अवकाश आहे, पण चुनकळी आताच भिजत घाल, म्हणजे पुढच्या हंगामापर्यंत लोण्यासारखी होईल. खड्डा झाडापासून लांब, सावलीत, तीन फूट खोल. आमच्या चुना मळायच्या घाण्याचं दगडी चाक अजून परसात पडून आहे. टेम्पोची सोय कर, घाट चढवून आणू.

टेबललँड | १० जानेवारी, सकाळी ८.३०

टेम्पो माझा. रविवारी सकाळी वाईत भाजी आणायला येतोच, येताना चाक घेऊन येतो. काका, उचलायला चार माणसं लागतील का सहा?

कृष्णाकाठ | १० जानेवारी, सकाळी ८.४१

सहा. आणि एक जाड दोर.